पेटी माझ्याकडे, जॅक त्याच्याकडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेंड्याला सेल्फ मारला. दोनचारदा खोकला आणि बंद पडला. म्हणजे धुगधुगी आहे.

गेंडा म्हणजे आमची जुनी फोर बाय फोर जीप. वडिलांनी घेतली, त्यांनीच नाव ठेवलं. रंग राखाडी, पत्रा जाड, वळायचं म्हटलं की कुरकुर. वर्षभर शेडमध्ये उभी आहे. चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, "काका, भंगारवाल्याचा नंबर देऊ का?" चहा न देता वाटेला लावला.

वजनमाप खात्यात असताना रोजची तपासणी रोज लिहायची शिस्त होती. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून लिहिणंही सुटलं. आता पुन्हा सुरू करतो. काय केलं आणि त्याने काय झालं हे टिपून ठेवलं नाही, तर माणूस तीच चूक दोनदा करतो.

कारण मावशी. आईची धाकटी बहीण. आई तिला अजून बारकी म्हणते. ती वर डोंगरात मुलाकडे राहते आणि माणसं विसरत चालली आहे. तिच्या सुनेचा फोन होता. शेजारीपाजारी पुसले गेलेत, मुलालाही कधी ओळखते कधी नाही. पण "ताई कधी येणार" हे रोज विचारते. आईने फोन घेऊन मोठ्याने सांगितलं, "गाडी दुरुस्त होतेय गं. झाली की येते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ओळखतेय तोवर मला तिच्यासमोर नेऊन बसव. नंतर नेलंस काय आणि न नेलंस काय."

ओढ्यावरचा पूल वाहून गेलाय. भाड्याच्या गाड्या ओढ्यापर्यंत येतात आणि तोंड फिरवतात. आईच्या खुब्यात रॉड आहे, तिला चालवत न्यायचा प्रश्नच नाही. गेंडाच हवा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यवस्था लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. घर एक, भिंत मधे. अलीकडे मी आणि बायको, पलीकडे माझा धाकटा भाऊ, एकटाच. आईची खोली बरोबर मधे, तिचं एक दार आमच्याकडे उघडतं, एक त्याच्याकडे. शेड मागे, सामायिक. गेंडा एक आठवडा माझा, एक आठवडा त्याचा. हे मामांनी ठरवून दिलं. सोमवारी बदल.

धाकट्याचा आणि माझा अबोला आहे. कशावरून, हे सांगता येईल, पण सांगायला लागलं की ऐकणारा हसतो. वडील गेल्यावर त्यांच्या सामानाची वाटणी झाली. पान्यांची पेटी मला आली, जॅक त्याला. त्याला पेटी हवी होती. मी म्हटलं, तुझा जॅक घे आणि माझ्या पेटीत हात घालू नकोस. तो म्हणाला, ठेव पेटी उशाला. तेवढ्यावर. त्याचा डबा बायको रोज आईच्या खोलीतून पाठवते. डबा परत येतो तो घासलेला येतो, एवढं मी बघितलंय.

आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डबा नेईन, निरोप नेणार नाही. तुम्हाला तोंडं दिलीत देवाने."

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर प्लगवर गेला. काढून बघितले, सगळे पांढरेफटक. म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. कार्ब्युरेटरच्या बाजूला मिश्रणाचा स्क्रू असतो, तो उघडला की पेट्रोल वाढतं. अर्धा फेरा उघडला, मोजून. गेंडा सुरू झाला, शेडच्या दारापर्यंत गेला, तिथे फटाका उडवून थांबला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "पोचला का डोंगरावर?"

सुधारणा आहे. सोमवारी त्याचा आठवडा लागतो. तो काय करणार म्हणा. नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळतो, सगळं कानाने. गाडीच्या भानगडीत कान काय कामाचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कमाल आहे. प्लग काळेकुट्ट. पेट्रोल एवढं जातंय की इंजिन गुदमरतंय, मागून काजळी येतेय. मी अर्धाच फेरा उघडला होता, वर लिहिलेलं आहे. स्क्रूची स्प्रिंग सैल असणार, कंपनाने स्क्रू आपोआप फिरतो. अर्धा फेरा बंद केला. बायकोची नेलपॉलिश घेऊन स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर एक सरळ लाल रेघ ओढली. आता हलला तर कळेल.

"माझी नवी बाटली होती ती," बायको म्हणाली.

"कामाला लागली."

"माझ्या कधी लागणार?"

उभ्या गाडीत कंपन कुठून येणार, असंही तिने विचारलं. तिला यंत्रातलं काही कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जॅक नसल्यामुळे खाली शिरता येत नाही. एका बाजूला विटा रचून, फळीची तरफ करून मागचं चाक उचलायचा प्रयत्न केला. फळी मोडली. कंबरेत उसण भरली. ज्याच्याकडे जॅक आहे तो भिंतीपलीकडे बासरीचं काहीतरी रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा लावून बसला होता. मी कण्हलो तेव्हा आवाज बंद झाला. जरा वेळाने पुन्हा लागला, पण हळू.

संध्याकाळी आई मलम घेऊन आली. तिने आणलेली ट्यूब आमच्या घरातली नव्हती.

३ मार्च, सोमवार

लाल रेघ तुटली. स्क्रूवरची एकीकडे, धातूवरची दुसरीकडे. आणि कोणीतरी पेन्सिलीने स्वतःची वेगळी खूण केली आहे. पेन्सिल लावणारं कंपन मी तरी ऐकलेलं नाही.

प्लग पुन्हा पांढरे. गेंडा सुरूच होत नाही.

म्हणजे तो मुद्दाम बिघडवतोय. आईला मी नेऊ नये, श्रेय मला मिळू नये, म्हणून. डोकं असं तापलं की बॉनेट आपटलं. आईच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "तुझ्या धाकट्याला सांग, माझ्या कामात नाक खुपसू नको."

आई वाती कराव्यात तशी लोकर गुंडाळत होती. "मी सांगणार नाही. दार तिकडे आहे, उघडंच असतं."

"तो गाडी बिघडवतोय, आई."

"मागच्या आठवड्यात तो हेच म्हणत होता. तू बिघडवतोस म्हणून." आणि पुन्हा लोकर. "त्याचाही जीव अडकलाय त्यात, थोरल्या. त्याचीही मावशी आहे ती."

बायको म्हणते, भावजी बिघडवत नसतील, दुरुस्तच करत असतील. मी म्हटलं, दोघं दुरुस्त करत असतो तर गाडी एव्हाना दुरुस्त झाली असती. यावर तिने कपाळाला हात लावला.

स्क्रू पुन्हा अर्धा फेरा उघडला.

६ मार्च, गुरुवार

मावशीच्या सुनेचा फोन. आई बराच वेळ "बारके, मी बोलतेय" म्हणत होती. पलीकडून मावशी "कोण बोलतंय?" विचारत होती. आईने शेवटी सांगितलं, "गाडी दुरुस्त होतेय. येतेच." फोन ठेवल्यावर म्हणाली की फोनवर आवाज बदलतो, समोर बघेल तेव्हा ओळखेल. मी हो म्हटलं.

मला भीती वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही.

१७ मार्च, सोमवार

शेडमध्ये गेलो तर गेंड्याच्या मागच्या अक्षाखाली जॅक. लावून, उचलून, गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला दगडाची उटी घालून. हा माणूस पहिल्यापासून निष्काळजी. वस्तू वापरली की जागेवर ठेवायची नाही. लहानपणी सायकलचा पंप असाच रस्त्यात टाकून यायचा.

आहेच लावलेला, तर खाली शिरलो. पाठीवर पोतं अंथरून सरकत टाकीपर्यंत गेलो आणि घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. टाकीतून इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा रबरी पाइप अक्षाच्या वर चिरलेला. तिथून हवा आत ओढली जातेय. स्क्रू कितीही फिरवला असता तरी काही उपयोग नव्हता. बिघाड कार्ब्युरेटरमध्ये नव्हताच.

पाइप ज्या नटाने बसवलेला आहे, त्या नटावर चावे. पक्कडीचे. ताजे, चकचकीत. कोणीतरी खाली पडून, पक्कडीने तो नट सोडवायचा जीव तोडून प्रयत्न केलेला. सुटला नाही. पक्कडीने सुटणारा नट नाहीच तो, नेमका पानाच लागतो. तो पाना माझ्या पेटीत आहे.

तिथेच थोडा वेळ पडून राहिलो. माझ्याआधी तो इथवर पोचला होता.

२० मार्च, गुरुवार

नट सुटला. कडा घासल्या गेल्यामुळे तोंडाला फेस आला, पण सुटला. पाइप काढला, वाकवून बघितला, चीर बोटाएवढी. स्पेअर पार्टची तिन्ही दुकानं पालथी घातली. या मापाचा मिळत नाही. एक दुकानदार म्हणाला, रविवारनंतर मागवून देतो, नाव सांगा. मी आडनाव सांगितलं, म्हटलं, येईल कोणीतरी न्यायला. हे कोणीतरी कसं निघालं तोंडातून, कोण जाणे.

२३ मार्च, रविवार

आठवडा संपला. शेड आवरली. पाना बंपरवर राहिला असावा, घरी आल्यावर लक्षात आलं. वय झालं की विसरायला होतं. चिरलेला पाइपही शेजारीच राहिला, दुकानाचा पत्ता लिहिलेल्या कागदात गुंडाळलेला.

बायको म्हणाली, "परत जाऊन आणता का?"

"राहू दे. आता अंधार पडला."

"अहो, ऊन आहे बाहेर."

२६ मार्च, बुधवार

दुपारी गेंड्याचा आवाज आला. खोकला नाही, फटाका नाही. सलग. आई तिच्या खोलीच्या मागच्या पायरीवर काठी टेकून उभी होती. मी न्हाणीघराच्या खिडकीतून ऐकलं. मग आवाज किंचित बदलला, जरा जड होता तो मोकळा झाला. स्क्रू कानाने लावत होता. मला मान्य करावं लागेल, बरोबर लावला.

डब्याबरोबर पाना परत आला नाही. मागितलाही नाही मी.

२७ मार्च, गुरुवार

आई म्हणाली, "निरोप नाही, माझ्या मनाने सांगतेय. ब्रेक दाबला की पायाखाली भस्सकन जातो, असं कोणीतरी खोलीत स्वतःशी बोलत होतं."

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की असं होतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून तोटी उघडायची, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, तोटी बंद करायची, आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. एका माणसाचं काम नाही. त्याचा आठवडा असूनही मी पेटी घेऊन शेडमध्ये गेलो. तो आत सीटवर बसलेला होता. बहुतेक बराच वेळ बसला असावा. आई दारात खुर्ची टाकून बसली.

मी आईला म्हटलं, "त्याला सांग, दाब म्हणावं."

आई म्हणाली, "दाब म्हणतोय."

तो म्हणाला, "दाबलंय, सांग."

"दाबलंय म्हणतो."

मी तोटी उघडली. "त्याला सांग, मी बंद करेपर्यंत..." एवढं आईने सांगेपर्यंत त्याने पाय उचलला. बाहेर काढलेली सगळी हवा परत आत. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ब्रेक ऑइल माझ्या बाहीत शिरलं.

आई उठली. "माझं चहाचं आधण उकळतंय," म्हणाली आणि गेली. चूल आमच्याकडे असते, तिच्या खोलीत नाही.

मी तोटीकडे बघत होतो. समोरच्या आरशात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. केस बरेच पांढरे झालेत.

"दाब," मी म्हटलं.

दाबलं.

"धर. धर. धरून ठेव. हां, सोड."

चारही चाकं झाली. हे बोलणं धरायचं नाही. कामापुरते शब्द होते.

पान्यांवरचं तेल पुसताना मी विचारलं, "तो स्क्रू. किती फिरवत होतास?"

"अर्धा फेरा."

"कुठल्या बाजूला?"

"प्लग पांढरे दिसले की उघडायचा, काळे दिसले की मिटायचा. अर्ध्याच्या वर कधी नाही, बाबांनी शिकवलंय तसं. का? तू?"

"तेच. अर्धाच."

त्याला आधी कळलं. तो हसायला लागला, स्टेअरिंगवर डोकं टेकून हसला. मी अर्धा उघडायचो, त्यावर तो अर्धा उघडायचा, मिळून पूर्ण फेरा, आणि मग दोघंही एकेक अर्धा मिटायचो. प्रत्येक वेळी दोघांचं बरोबर होतं. मला हसू आलं नाही. मला वाया गेलेले आठवडे दिसत होते.

३० मार्च, रविवार

गेलो. जाताना धाकट्याने चालवली. आई पुढे, मी मागे तिचा खांदा धरून. गेंडा वाटभर तक्रार न करता चालला. ओढ्यापाशी थांबलो. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर द्यायचा तर खाली उतरून दोन्ही चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात. कोणी काही न सांगता तो त्याच्या बाजूने उतरला, मी माझ्या. दोन्ही फिरवून एकाच वेळी परत बसलो. आई म्हणाली, "बाबांबरोबर असेच उतरायचात." पाणी गेंड्याच्या पायरीपर्यंत आलं, पलीकडे निघालो.

मावशीच्या सुनेने दार उघडलं. आईला बघून तिचा चेहरा कसनुसा झाला. म्हणाली, "मागच्या महिन्यात आल्या असतात तर..." आणि पाणी आणायला आत गेली.

मावशी खिडकीजवळ बसून टॉवेलची घडी घालत होती. घालायची, मोडायची. स्वच्छ, केस नीट विंचरलेले. आई काठी टेकत जाऊन तिच्यासमोर बसली. मावशीने बघितलं आणि चांगल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोण आपण?"

मी भिंतीकडे बघितलं. धाकटा दारातच थांबला होता, जोड्यांसकट.

आई म्हणाली, "ओढ्याच्या पलीकडून आले."

"अगं बाई. एवढ्या लांबून?" मावशी म्हणाली. "माझी ताई पण तिकडेच असते. येणार आहे ती."

"हो का?"

"हो. गाडी दुरुस्त होतेय तिची. झाली की येते म्हणाली."

आईने टॉवेलचं दुसरं टोक हातात घेतलं. दोघींनी मिळून घडी घातली. मग आई म्हणाली, "होईल हो. मुलं खटपट करताहेत."

"दोघंही?"

"दोघंही."

"मिळून?"

"मिळून," आई म्हणाली. आमच्याकडे तिने बघितलं नाही.

"मग होईल," मावशी म्हणाली आणि घडी मोडली.

येताना मी चालवली. आई मागे बसते म्हणाली. ओढ्याला धाकट्याने एकट्याने उतरून दोन्ही बाजूच्या चकत्या फिरवल्या, मला उतरू दिलं नाही. परत बसताना त्याने डोळे पुसले ते मी बघितलं, आणि माझे त्याने.

३१ मार्च, सोमवार

लिहायला काही सुचत नाही. दिवसभर शेडमध्ये जाणं टाळलं. हिशेब मांडत बसलो की कुठल्या आठवड्यात आपण मधलं दार उघडलं असतं तर पुरेसं झालं असतं. पहिल्याच.

संध्याकाळी आई जेवायला आली. पानावर बसताच म्हणाली, "रविवारी पुन्हा जायचं."

मी म्हटलं, "आई, ती तुला ओळखत नाही."

"मला नसेल ओळखत. ताईची वाट बघतेय ना?"

"बघतेय."

"मग ताईने जायला नको? दर रविवारी जायचं. एखाद्या रविवारी बरोबर दिवस लागेल. गाडी तयार ठेवा."

जेवण झाल्यावर आईच्या खोलीतून पलीकडच्या दाराशी गेलो. उघडंच होतं. वाटणी झाल्यापासून त्याच्या खोलीत मी पाय ठेवला नव्हता. वडिलांचा रेडिओ दुरुस्त करून टेबलावर ठेवलाय.

"रविवारी पुन्हा जायचंय," मी म्हटलं.

"मागचा ब्रेक अजून मऊ लागतोय, दादा."

"मग हवा राहिली असेल. उद्या सकाळी काढू. मी आत बसून दाबतो, तू चाकाशी बस."

"पाना?"

पेटी मी बरोबरच आणली होती. त्याच्या टेबलावर ठेवली आणि उघडली. म्हटलं, "बघ, कुठला लागतोय तो घे."